किती घ्यावे? १८६५ च्या मुंबईने न विचारलेला प्रश्न (दीर्घ धागा)

चर्चगेटहून सुटलेली लोकल मरीन लाइन्स ओलांडून चर्नी रोडकडे धावू लागली की डाव्या हाताला, जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे, समुद्राची रेघ दिसते. गिरगावच्या पुढ्यात पसरलेल्या या उपसागराला इंग्रजांनी ‘बॅक बे’ हे नाव दिले. तो बुजवून जमीन काढण्यासाठी १८६० च्या दशकात एक कंपनी निघाली आणि रेल्वेची ही पट्टी बरीचशी तिच्याच अर्धवट राहिलेल्या भरावातून आली. त्या कंपनीच्या एका शेअरसाठी मुंबईतल्या शहाण्यासुरत्या माणसांनी घरदार पणाला लावले होते.

या प्रकरणाला इतिहासात ‘शेअर मॅनिया’ म्हणतात. लोभ, अफवा, रातोरात श्रीमंती आणि मग दिवाळे, अशी त्याची कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. लोभ तर होताच. परंतु लोभी माणसे प्रत्येक काळात असतात आणि प्रत्येक काळी अख्खे शहर बुडत नाही. १८६५ मध्ये ते का बुडाले, हे समजून घ्यायचे तर ‘कोणता शेअर घेतला’ यापेक्षा ‘आपल्या संपत्तीच्या मानाने किती घेतला’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. आश्चर्य असे की या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत कायद्याच्या रूपाने लिहून ठेवलेले होते. ते तेजीच्या ऐन तोंडावर काढून टाकण्यात आले.

आधी पैसा आला कोठून ते पाहू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. मग इंग्लंडची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथला कापूस मुंबई बंदरातून चढ्या भावाने जाऊ लागला. युद्धाच्या काळात नेहमीच्या भावापेक्षा सुमारे ७ कोटी पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा अंदाज त्या काळापासून सांगितला जातो. म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने ७० कोटी रुपये.

एवढा पैसा एका लहानशा बेटावर उतरला आणि त्याला जायला जागा नव्हती. १८५५ मध्ये मुंबईत संयुक्त भांडवलाच्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. जानेवारी १८६५ मध्ये ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ भूविकास कंपन्या, २० विमा कंपन्या, शिवाय जहाजांच्या आणि कापूस दाबण्याच्या कंपन्या, असा पसारा झाला होता. टाउन हॉलसमोरच्या मैदानात वडाच्या झाडाखाली दलाल जमत. कधीकाळी वीस-बावीस असलेल्या या दलालांची संख्या आता अडीचशेच्या घरात गेली. परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आज जेथे हाफकिन संस्था आहे त्या वास्तूत, सर बार्टल फ्रिअर राहत होते. शहर वाढवण्याच्या उत्साहात या गव्हर्नरांनी किल्ल्याचा तट पाडायला काढला होता. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ चे. ते छापले जात होते तेव्हाच त्यात वर्णिलेले शहर बदलू लागले होते.

आता बॅक बे कंपनीकडे वळू. तिचे भांडवल २ कोटी रुपये आणि शेअर २,०००. म्हणजे एक शेअर १०,००० रुपयांचा, त्यांपैकी ५,००० भरलेले. यातले ४०० शेअर मुंबई सरकारने स्वतःसाठी घ्यायचे ठरवले होते. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला ते रुचले नाही. मग १८६४ मध्ये या ४०० शेअरांचा जाहीर लिलाव झाला. पाच हजार भरलेल्या प्रत्येक शेअरवर सरासरी सुमारे २६,५०० रुपये अधिक मिळाले. समुद्र अजून होता तेथेच होता आणि ४०० कागदांवर एक कोटीहून अधिक नफा जमा झाला. पुढे हाच शेअर ५०,००० च्या आसपास गेला.

या आकड्यांचा आकार डोळ्यांपुढे आणण्यासाठी एक तुलना घेऊ. थोडे पुढे एका तरुण व्यापाऱ्याची गोष्ट येणार आहे, ज्याला लंडनमध्ये महिना २० पौंड, म्हणजे २०० रुपये, मेहनताना मिळत होता. त्या मानाने लिलावातल्या एका शेअरची किंमत, म्हणजे ३१,५०० रुपये, ही त्याची तेरा वर्षांची कमाई झाली. तीही पैसा खर्च न करता.

याचा अर्थ असा की बॅक बेचा शेअर ‘थोडासा’ घेण्याची सोयच बहुतेकांना नव्हती. एकच शेअर घेतला तरी तो घेणाऱ्याच्या सगळ्या बचतीहून मोठा. अशा वेळी अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही घराघरातली म्हण आठवायला हवी होती. मुंबईने अंथरूणच उसने आणले. कोणी बँकेतून कर्ज काढले, कोणी वायद्याने सौदे केले. वायद्याच्या सौद्यात आज भाव ठरवायचा आणि शेअर व पैसा यांची देवघेव पुढच्या तारखेला करायची. आज खिशात काही असण्याची गरज नाही. हजाराची ऐपत असलेला माणूस लाखाचा सौदा करू शकत होता आणि करीतही होता. असे असंख्य सौदे एकाच तारखेवर येऊन थांबले होते: १ जुलै १८६५.

कर्ज देणाऱ्यांत सर्वांत प्रतिष्ठित संस्था होती बँक ऑफ बॉम्बे. तिची स्थापना १८४० ची आणि सरकार स्वतः तिचे भागधारक. तिच्या १८४० च्या कायद्यात काही किचकट वाटणारी कलमे होती. एका व्यक्तीस किंवा पेढीस ठरावीक रकमेपेक्षा अधिक कर्ज देता येणार नाही. कर्जाची मुदत तीन महिन्यांची. तारण म्हणून सरकारी रोखे, सोने-चांदी, नाश न पावणारा माल चालेल, परंतु कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज द्यायचे नाही. बंगाल आणि मद्रास येथील इलाख्यांच्या बँकांनाही अशीच बंधने होती.

ही कलमे लिहिणाऱ्यांना कोणता ऋणको बुडेल, हे ओळखता येत होते असे नाही. ते ओळखता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी निवडीचा प्रश्न बाजूला ठेवून आकाराचा बंदोबस्त केला. बुडणारा कोणीही असो, त्याच्याबरोबर बँक बुडू नये, इतकाच त्याचा वाटा. आजच्या गुंतवणुकीच्या पुस्तकांतून ‘एका शेअरमध्ये किती टक्के’ या प्रकरणाखाली पानेच्या पाने लिहिली जातात. त्यांचा गाभा १८४० च्या या रुक्ष कलमांत आलेला आहे.

१८६३ मध्ये बँकेसाठी नवा कायदा झाला आणि ही बंधने सैल झाली. शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. हे नेमके कोणत्या वर्षी घडले, याकडे लक्ष द्यावे. कापसाचा पैसा शहरात वाहत होता, रोज नवी कंपनी निघत होती आणि नेमक्या त्याच वेळी बांध फोडला गेला.

येथे प्रेमचंद रायचंद यांचा प्रवेश होतो. १८३१ चा जन्म, मूळ सुरतेचे जैन कुटुंब, दलालीतून वर आलेले. तिशीतच ते मुंबईच्या बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. कापूस, बँका, भूविकास कंपन्या या सर्वांत त्यांचा हात. बँक ऑफ बॉम्बेत त्यांच्या शब्दाला इतके वजन आले की त्यांच्या शिफारशीवर इतरांनाही कर्जे मिळू लागली. तारण म्हणून यायचे शेअर, आणि ते शेअर बहुतेकदा त्याच कंपन्यांचे, ज्यांची भरभराट प्रेमचंदांच्या आणि बँकांच्या पैशावर चालली होती.

वरवर पाहता मुंबईच्या धनिकांनी आपला पैसा पुष्कळ ठिकाणी वाटून ठेवला होता. थोडे बॅक बेचे, थोडे एखाद्या बँकेचे, थोडे वित्तसंस्थेचे, थोडे विम्याचे आणि गोदामात कापूस. पाच नावे, पाच कागद. परंतु बॅक बेचा भाव टिकून होता बँकांच्या कर्जामुळे, बँकांची कर्जे सुरक्षित वाटत होती बॅक बेच्या भावामुळे, वित्तसंस्थांकडे दोहोंचे शेअर होते आणि या सर्वांच्या बुडाशी होता लिव्हरपूलचा कापसाचा भाव. लिव्हरपूलचा भाव ठरत होता व्हर्जिनियाच्या रणांगणावर. पाच कागद असले तरी डाव एकच होता आणि त्याचा आकार मोजायचा तर पाचांची बेरीज करायला हवी होती. ती बेरीज कोणी केल्याचे दिसत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण टाटा घराण्याचे. नसरवानजी टाटा कापसाच्या व्यापारात होते आणि प्रेमचंद रायचंद त्यांचे भागीदार. त्यांचे पुत्र जमशेदजी १८६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, लंडनला पाठवले गेले. तेथे हिंदी बँक उघडण्याचा बेत होता. ते पोचले आणि बाजार फिरला. पाठवलेल्या कापसाचा भाव पडला, त्याच कारणाने मुंबईतले शेअर पडले, त्याच कारणाने मुंबईतला भागीदार अडचणीत आला आणि हाताशी धरलेले कागद कवडीमोलाचे झाले. माल, तारण, भागीदार हे तीन वेगळे आधार मानले होते आणि तिघांनी एकाच महिन्यात हात सोडला. जमशेदजींनी लंडनच्या धनकोंपुढे सारी वस्तुस्थिती मांडली. त्यांच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवून धनकोंनी त्यांनाच देण्याघेण्याची निरवानिरव करायला नेमले. महिना २० पौंड मेहनताना तो हाच. इकडे नसरवानजींना राहते घर विकावे लागले.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि अमेरिकेतील युद्ध संपले. बातमी मुंबईत पोचल्यावर कापूस कोसळू लागला. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांच्या पेढीचे दिवाळे निघाले आणि तिच्यामागून इतरांचे. १ जुलै उजाडला तेव्हा वायदे पुरे करायला कोणाजवळ पैसा नव्हता. क कडून येणे आहे म्हणून ख ने ग ला वचन दिलेले, आणि क स्वतःच दिवाळखोर. ज्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला.

२,८५० चे ८७ म्हणजे ९७ टक्के घट. या एकाच आकड्याचे तीन माणसांवर काय परिणाम होतील, ते पाहू. उदाहरण काल्पनिक, गणित खरे. पहिल्याजवळ १०० रुपये आहेत आणि त्याने त्यातले १० या शेअरमध्ये घातले. त्याच्याजवळ सुमारे ९० उरले. पुन्हा १०० वर यायला त्याला ११ टक्के वाढ पुरे, दोन-तीन वर्षांच्या व्याजात भरून निघेल. दुसऱ्याने ५० घातले. त्याच्याजवळ ५१-५२ उरले आणि आता त्याला पैसा जवळजवळ दुप्पट करावा लागेल. तिसऱ्याने स्वतःचे १०० घातले आणि आणखी १०० कर्जाऊ काढून घातले. त्याच्याजवळचे शेअर आता ६ रुपयांचे आणि देणे १०० चे. त्याला पुन्हा उभे राहायला वाव नाही, कारण खेळायला हातात काही उरलेलेच नाही. तिघांनी एकच शेअर, एकाच दिवशी, एकाच भावाला घेतला होता. १८६५ च्या मुंबईत तिसऱ्या प्रकारची माणसे फार होती.

यावर कोणी म्हणेल की शेअरच वाईट होता, चांगला निवडला असता तर प्रश्न आला नसता. या आक्षेपाला गणिताने पुढे १९५६ मध्ये उत्तर दिले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी दाखवले की डाव आपल्या बाजूचा असला तरी त्यावर किती लावावे याला मर्यादा असते. दहापैकी सहा वेळा जिंकणारा, समान मोबदल्याचा खेळ घ्या. प्रत्येक वेळी हातातल्या पैशाचा २० टक्के भाग लावला तर पैसा सर्वांत वेगाने वाढतो. ४० टक्के लावत राहिले तर खेळ अनुकूल असूनही पैसा हळूहळू घटतो. आणि सगळाच लावला तर पहिल्या पराभवाला खेळ संपतो. शिवाय केलींच्या खेळात जिंकण्याची शक्यता माहीत असते. शेअरबाजारात ती कोणालाच नेमकी माहीत नसते, म्हणून तेथे २० टक्केही जास्त ठरू शकतात. वडाच्या झाडाखालच्या दलालांना हे सूत्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण १८४० चा कायदा त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

या पडझडीत हळहळ वाटावी असे नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. गोव्यातल्या मांद्र्याहून आलेले हे कुटुंब. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, शिलालेखांचे आणि नाण्यांचे अभ्यासक, कुष्ठरोगावर औषध शोधणारे वैद्य, भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी झटलेले नागरिक. त्यांचीही मोठी संपत्ती शेअर मॅनियात गेली. मात्र त्यांच्या बाबतीत एक गोष्ट व्यापाऱ्यांहून निराळी होती. वैद्यकी कापसाच्या भावावर चालत नाही. संपत्ती गेली तरी विद्या आणि व्यवसाय शिल्लक होते. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरिफ झाले आणि १८७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे संशोधन चालू राहिले. याउलट कापसाच्या व्यापाऱ्याने कापसावर उभ्या असलेल्या कंपनीचे शेअर घेतले, तेव्हा त्याची मिळकत आणि शिल्लक एकाच दोरीला बांधली गेली. स्वतःच्या उपजीविकेचा वाटाही गुंतवणुकीच्या हिशेबात धरावा लागतो, हे त्याच्या ध्यानात आले नाही. आजही पगार देणाऱ्या कंपनीचेच शेअर उराशी धरून बसणारे पुष्कळ आहेत.

त्या काळाच्या बाजूनेही काही सांगता येते. कापसाच्या पैशातून मुंबईत रस्ते झाले, भराव झाले, इमारती उठल्या. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले, नंतर आई राजाबाई यांच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. बाजारात ठेवलेल्या त्यांच्या संपत्तीचा बहुतांश भाग तोवर विरून गेला होता.

बँक ऑफ बॉम्बे १८६५ मध्ये लगेच कोसळली नाही. दोन वर्षे ती बुडीत कर्जे ओढत राहिली आणि अखेर भांडवलाचा बहुतेक भाग गमावून मोडीत निघाली. १८६८ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. सचिवांचा दुबळेपणा व गैरवर्तन, संचालकांची बेपर्वाई, काळाची असाधारण परिस्थिती ही कारणे आयोगाने नोंदवलीच. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण ठळकपणे मांडले: १८४० च्या कायद्यातली बंधने १८६३ मध्ये काढून टाकली गेली. त्याच १८६८ मध्ये १ कोटी भांडवलाची नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली आणि १८७६ च्या इलाखा बँकांच्या कायद्याने बंधने पुन्हा कडक केली. झाडाखालच्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली. मुंबई शेअरबाजाराचा जन्म तो.

आज सेबीच्या नियमांनुसार म्युच्युअल फंडाच्या सर्वसाधारण योजनेला एका कंपनीच्या शेअरांत आपल्या मालमत्तेच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घालता येत नाही. बँकांनाही एका ऋणकोला किती कर्ज द्यावे, याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. पण मर्यादा कागदावर असणे आणि पाळली जाणे यांत अंतर असते. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. ही कर्जे हजारो बनावट खात्यांच्या नावांमागे लपवलेली होती. येथेही नावे अनेक आणि ऋणको एकच. ज्या ठेवीदारांनी आयुष्याची पुंजी त्या एकाच बँकेत ठेवली होती, ते पैसे काढण्यासाठी शाखांबाहेर रांगा लावून उभे राहिले.

जमशेदजी लंडनहून परतले. अबिसिनियाच्या मोहिमेला रसद पुरवण्याच्या कंत्राटातून घराण्याने पुन्हा थोडे भांडवल उभे केले. १८६९ मध्ये जमशेदजींनी लालबागच्या शेजारी, चिंचपोकळीत, बंद पडलेली एक तेलगिरणी विकत घेतली. तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असे नाव दिले आणि दोन वर्षांतच ती नफ्याने विकून टाकली. पुढची गिरणी त्यांनी मुंबईत काढली नाही. कापूस जेथे पिकतो त्या मुलखात, नागपुरास, ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली.